टबात अडकलेल्या निरुपमाबाई

मी एक टब. पाणी भरलेलं असलं की माझ्याच्याने बोलवत नाही. सध्या रिकामा आहे, तेवढ्यात सांगून घेतो.

मी ओतीव लोखंडाचा, बीडाचा, आतून पांढरा मिना दिलेला. बडोद्याला संस्थानच्या पाहुण्यांसाठी अतिथिगृह बांधलं, तिथे मला बसवलं. गोरे साहेब माझ्यात पाय पसरून वर्तमानपत्र वाचत. पुढे संस्थान गेलं, साहेब गेले, इमारतीत कचेरी आली. टबाचं काय करावं ते कचेरीतल्यांना कळेना. त्यांनी माझ्यात मोडक्या खुर्च्या भरल्या. खुर्च्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या गप्प असतात.

नव्वदनंतर इमारत विकली गेली आणि तिचं हॉटेल झालं. नव्या मालकाने खांब रंगवले, माझा मिना नवा केला, आणि येईल त्याला मला दाखवू लागला, "असल राजवाडी छे!" नळ मात्र कालपरवाचे होते.

एका हिवाळ्यात निरुपमाबाई उतरल्या. माहेर इथल्याच दांडिया बाजारातलं, सासर पुण्याचं. भाचीचं लग्न होतं. भावाचं घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून त्यांची आणि सून मोहनाची सोय हॉटेलात केली होती. निरुपमाबाईंचा एकुलता एक मुलगा अपघातात गेलेला. तेव्हापासून या दोघीच एका घरात राहत आणि कामापुरतं बोलत. न्हाणीच्या दारातून मला ऐकू येई ते एवढंच: "औषध घेतलंत?" "घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरुपमाबाई आत आल्या, दाराला कडी न लावता. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग परकर सावरून सरळ माझ्यात उतरल्या. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसल्या, डोळे मिटले. उठायची वेळ आली तेव्हा गुडघे वळेनात. दोनदा घसरल्या.

"मोहना!" शेवटी त्यांनी हाक मारली.

मोहना धावत आली. "आई, अहो काय हे! थांबा, खालून कुणाला तरी बोलावते."

"खबरदार! सगळ्या लग्नघरात बोभाटा होईल."

तेवढ्यात बाहेरून सफाईवाल्याचा आवाज आला, "बेन, रूम साफ करवानो छे?"

"पछी आवजो, भाई!" निरुपमाबाई पाण्यातूनच ओरडल्या.

मोहना साडीसकट माझ्यात उतरली. सासूच्या काखेत हात घालून तिने जोर लावला आणि दोघी धपकन खाली बसल्या. पाणी फरशीभर झालं. आधी निरुपमाबाई हसल्या, मग मोहना. हसता हसता मोहना रडायला लागली.

"आई, मला सांगायचं होतं. सलील म्हणून आहे, कॉलेजात माझ्या वर्गात होता. इथे जवळच, बाजव्याला कारखान्यात असतो. त्याने मला लग्नाचं विचारलंय."

निरुपमाबाईंचं हसू थांबलं.

"तू काय म्हणालीस?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय काय म्हणू?"

"मला कशाला विचारायचं? मी काय, आज आहे..." त्यांनी पाण्याने तोंड धुतलं, माझ्या मते उगीचच. "मी एकटी राहीन गं. पण तू घरी असतेस म्हणून मी चहा करते. नाहीतर कुणासाठी करायचा?"

मोहनाने त्यांना घट्ट धरलं. त्यानंतर कशा कोण जाणे, दोघी एका दमात उठल्या.

संध्याकाळी खोलीत पुरुषाचा आवाज आला. निरुपमाबाई म्हणाल्या, "या सलीलराव. मी मोहनाची आई. चहा घेणार ना?"

'सासू' म्हणाल्या नाहीत. मी नीट ऐकलं.

नंतर कळलं, पुण्याचं घर बंद करून त्या बडोद्याला आल्या, मोहनाच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये. पुढे एकदा हॉटेलात जेवायला आल्या तेव्हा मुद्दाम वर येऊन मला बघून गेल्या. आत उतरल्या नाहीत.

यंदा हॉटेलचं पुन्हा काम निघालं. पाहुण्यांना आता उभ्याने आंघोळ हवी. मला मागच्या अंगणात भिंतीशी पालथा घातलाय. कुणी नेणार असेल तर खुशाल न्या. कपडे भिजवा, कर्दळ लावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त उताणा ठेवा. पालथ्या टबात कुणाला बसता येत नाही.