काक्षीची आठची नोंद

यात गुणाजीला मिळणार काय होतं, तर वर्षातून एकदा छापील यादीत नाव. मानधन सोडा, पुण्याच्या तारे-निरीक्षक मंडळाचा चहासुद्धा नाही. हंगामात नव्वद नोंदी भरल्या की नाव. एक कमी पडली की नाही. एवढ्यासाठी धाटावच्या कंपनीतला हा ऑपरेटर कासूच्या अंगणात रोज रात्री आठ वाजता मान मोडून मृगातल्या काक्षीकडे बघायचा. हा तांबडा तारा एवढा अवाढव्य, की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. तो फुगतो, आक्रसतो, उजेड कमीजास्त होतो. रोहिणी ताऱ्यापेक्षा किती उजळ, प्रश्वा ताऱ्यापेक्षा किती मंद, हे ताडून आकडा लिहायचा. अशा कितीतरी डोळ्यांच्या आकड्यांवरून मंडळ त्या फुगण्याचा अंदाज बांधायचं.

दर तिसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, आठ वाजता तो कंपनीत; तेव्हा नोंद बायको घ्यायची, मालू. त्यानेच शिकवलं होतं: तांबड्या ताऱ्याकडे टक लावायची नाही, तो उगाच उजळ वाटतो, नजर टाकायची आणि काढायची. मंडळाला मात्र हे कळवलं नव्हतं. वही एक, नाव एक.

शहाण्णवच्या मार्चमध्ये मंडळाचं पत्र आलं. दोन वर्षं दर तिसऱ्या आठवड्यात तुमचा आकडा सातही दिवस तोच असतो. इतका स्थिर हा तारा नसतो आणि माणसाचा डोळाही नसतो.

गुणाजीने वही मालूपुढे आपटली. कामचुकार म्हणाला, थंडीत बाहेर पडणं जिवावर येत होतं का, असंही विचारलं. मालू तांदूळ निवडत होती. सूप तिने दाराच्या उजेडात, पार नाकाशी धरलं होतं. ते त्याने त्या दिवशी पाहिलं.

"उभी रोज रायची," ती म्हणाली. "वहीतलं दिसतं, वरचं नाय. मग तुमचा शिफ्टच्या आधीचा आकडा उतरवायची."

"सांगायचं नाय गो?"

"रकाने रिकामे रायले असते. तुमचं नाव गेलं असतं."

पेणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही; दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरीचशी राहिली असती, म्हणाले.

गुणाजीने मंडळाला खरं काय ते लिहून पाठवलं. मालूच्या अठ्ठ्याण्णव नोंदी खोडल्या गेल्या, त्या वर्षी यादीतलं नाव गेलं, काक्षीचा आलेख तेवढा शुद्ध झाला. मालूचे डोळे कुठल्याच रकान्यात धरले नाहीत.