पोहायचा भोपळा जंजिऱ्यावर

बोलतोय तो भोपळाच, पण तुमच्या भाजीतला नव्हे. मी कडू जातीचा. माझ्या वेलाचं फळ कुणाच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून तर मी वाचलो. घाटनांदूरला आप्पारावांच्या कुडावर वाढलो, वेलावरच वाळलो. आत बिया खुळखुळायला लागल्या तेव्हा आप्पारावांनी मला तोडलं. त्यांच्या बायकोनं, बायडाबाईनं, सुताच्या दोरीची जाळी विणून मला तिच्यात बसवलं. मग पोरांच्या पाठीवर बसून मी विहिरीत उतरलो. शाळा म्हणाल तर तीच माझी.

आप्पाराव मेंढरं राखायचे आणि उन्हाळ्यात गावच्या पोरांना पोहायला शिकवायचे. विहीर पाटलांची, मोठी, पायऱ्यांची. पोराच्या पाठीवर मला बांधायचं काम मात्र बायडाबाईचं. तिची गाठ सैल नाही, आवळ नाही. रडणारं पोरगंसुद्धा गाठ बसली की गप व्हायचं.

मग एक दिवस तेच पोरगं म्हणायचं, आज बांधू नगं. माझ्याबगर पलीकडच्या पायरीला हात लावून आलं, की बायडाबाई त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. म्हणायची, "याचा भोपळा सुटला!" मी पायरीवर पडून बघायचो. मला सोडून गेलं म्हणून वाईट कधी वाटलं नाही. माझं काम तेवढंच होतं.

दोन माणसांच्या पाठीला मात्र मी कधी लागलोच नाही. एक पाटलांचा बंकट. विहीर त्याच्याच बापाची, पण हा पायरीवर बसून भोकाड पसरायचा. दुसरी बायडाबाईच. सगळ्या गावाला बांधलं, पण स्वतः घोट्याच्या वर भिजली नाही. "बाई विहिरीत उतरली की गाव बाहेर काढायलाच धावतं," असं हसून म्हणायची. हसायची, पण पाण्याकडं लई वेळ बघत बसायची.

पुढं गावात बोअर आले, विहीर खोल गेली, गाळानं भरली. आप्पाराव वारले. मी माळ्यावर गेलो. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. बायडाबाई तेवढी दरसाली करडीचं तेल चोळून जायची.

माझ्यावर पोहायला शिकलेली शेवटची पोर म्हणजे तिची नात योगिता. ती मोठी होऊन नर्स झाली आणि पार मुरूडला नोकरीला लागली. एकदा फोनवर म्हणाली, "आजी, इथं समुद्रात किल्ला हाय, जंजिरा. चौफेर खारं पाणी, आन आत गोड्या पाण्याचं तळं!"

"खाऱ्यात गोडं? डोळ्यानं बघितल्याबगर न्हाई पटायचं."

त्या दिवसापासनं तिनं ध्यासच घेतला. बंकटराव आता गावचे पुढारी, पांढरे कपडे, दारात जीप. ते म्हणाले, "चला काकू, मलाबी समुद्र बघायचाय." निघताना बायडाबाईनं माळ्यावरून मला काढलं. बंकटराव हसून हसून बेजार. "काकू, वाटंत भाजी करायची का त्याची?"

मुरूडला योगिता आमच्यात आली. किल्ल्याला जायची होडी शिडाची. होडीवाल्यानं सगळ्यांना फुगीर जाकीट घातलं. "आजी, आता भोपळा ठेवा खाली."

"तुमचं जाकीट राहू द्या, माझा भोपळाबी राहू द्या. त्याला काय भाकर घालायची हाय का तुमाला?"

होडीतली सगळी माणसं हसली. मी तिच्या पाठीवर होतो. तिचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या बियांपर्यंत येत होतं.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्यावर दिसला. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. होडी लाटेबरोबर वर जायची, खाली यायची. वर आली की पाऊल टाकायचं. योगिता टुणकन गेली. बंकटरावांची पाळी आली आणि ते काठ धरून खालीच बसले.

"मी न्हाई उतरत. काकू, आपण दोघं माघारी जाऊ."

होडीवाला म्हणाला, "लवकर ठरवा. मागं दुसरी होडी उभी आहे."

बायडाबाईनं एकदा पायऱ्यांकडं बघितलं, एकदा बंकटरावांकडं. मग हळूच पाठीवरून मला सोडलं.

"बंकटा, पाठ कर हिकडं."

"काकू, लोकं बघतेत..."

"बघू दे. चाळीस साल उशीर झालाय, आता आनखी करू नगं."

जाकिटावरून तिनं मला बांधलं. सैल नाही, आवळ नाही. आणि काय सांगू, तो एवढा थोरला पुढारी लहान पोरासारखा गप झाला. लाट वर आली. "आता!" बायडाबाई ओरडली. बंकटरावांचं पाऊल पायरीवर!

मग माझ्या ध्यानात आलं. मी इकडं, बंकटरावांच्या पाठीवर. ती तिकडं, होडीत, माझ्याबगर. योगितानं हात पुढं केला. बायडाबाईनं तो धरला नाही. लुगड्याचा काठ वर खोचला, एक लाट जाऊ दिली, दुसरी आली, आणि माझी म्हातारी पायरीवर उभी राहिली. दगडाला हात लावून!

तळं बघितलं तिनं. खाली उतरून बोट बुडवलं, जिभेला लावलं. "गोडं हाय गं!" तिनं एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की तटावरची माणसं वाकून बघायला लागली.

योगितानं पिशवीतनं गूळ-शेंगदाणे काढले, आजीच्या हातावर ठेवले. "आजी, तुझा भोपळा सुटला."

इतकी वर्षं वाटला, पण तो गूळ तिनं पहिल्यांदा स्वतः खाल्ला.

आता मी माळ्यावर नाही, ओसरीत खुंटीला आहे. बंकटरावांनी विहिरीतला गाळ उपसायला घेतलाय. परवा विचारत होते, "काकू, भोपळा कवा देता?"

"पाणी पुरुषभर होऊ दे. आन रांग हाय बरं, माझ्यामागं तुझा नंबर."

तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला खाली काढा, थोडं तेल चोळा. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याच्या पाठीवर बांधा. आणि त्यानं सोडून दिलं, की गूळ वाटा. येतो आता. विहिरीकडनं पाण्याचा वास यायला लागलाय.