डबा वाजला

रंगाऱ्याने डबा हलवायला घेतला, तशी अंगणातली माणसं एकमेकांना मोजू लागली.

स्प्रेच्या डब्यात एक गोळी असते. रंग नीट मिसळावा म्हणून डबा मिनिटभर हलवायचा, की ती टकटक वाजते. या वृद्धाश्रमात तो आवाज एकाच कारणाने व्हायचा. अंगणात बावीस लोखंडी खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर मालकाचं नाव निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मालक गेला की दोन दिवसांत रंगारी त्याची खुर्ची घासायचा, गंज काढायचा, नाव झाकायचा आणि नव्या माणसाचं नाव घालायचा. त्यामुळे अमुक वारले असं इथे कुणी म्हणत नसे. डबा वाजला, एवढंच म्हणत.

आज मात्र मोजणी बरोबर येत होती. एकवीस हजर, आणि शिंपीणमावशी आत स्वतःचे दात शोधत होत्या. पोस्टमास्तरांनी दोनदा मोजलं, स्वतःला चिमटा काढून पाहिला आणि विचारलं, "काय रे, आगाऊ रंगवतोयस का?"

रंगारी म्हणाला, आज सगळ्याच रंगवायच्यात.

बातमी द्यायची ही पद्धत चुकीची होती. सगळ्यांची पाचावर धारण बसली. एका आजोबांनी घाईघाईने मुलाला फोन लावला आणि तो नेहमीप्रमाणे लागला नाही.

रंगारी इथे अकरा वर्षं होता. कागदोपत्री तो माळी होता, पण बागेत बावीस खुर्च्या आणि एक नळ सोडून काही उगवत नसे. त्याआधी तो गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांना रंग मारायचा. तिथे त्याने छातीभर रंग आत घेतला होता आणि तो आता खोकल्यातून थोडा थोडा परत करत होता. राहायला पंपाची खोली होती. नोकरी गेली तर खोलीही जाणार, आणि त्रेसष्टाव्या वर्षी खोकणाऱ्या माळ्याला कोण ठेवून घेतं?

आश्रमाचे नवे व्यवस्थापक साहेब वयाने त्याच्या मुलाएवढे. त्यांचं म्हणणं, पाहुणे नावं वाचतात आणि मग हे कुठे आहेत म्हणून विचारतात. तेव्हा यापुढे नावं बंद. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या, आणि चार वाजता विश्वस्त येण्याआधी. जमत नसेल तर दुसरा माणूस तयार आहे, हेही त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

दुपारपर्यंत एकवीस खुर्च्या झाल्या. बाविसावीवर बाई बसल्या होत्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं नाव शाळेच्या फलकावर होतं, पण शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि फलक भंगारात गेला. घराच्या पाटीवर मुलाचं नाव. मतदारयादीत त्या होत्या, पण तिथे वय एकशे त्रेचाळीस आणि लिंग पुरुष. बाकी राहिली ही खुर्ची. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या खोलीत राहणारी निवृत्त नर्स गेली, तेव्हा तिची खुर्ची घासणाऱ्या रंगाऱ्याकडून बाईंनी शब्द घेतला होता, की मी जिवंत असेपर्यंत माझ्या नावावर हात फिरवायचा नाही. त्याने दिला होता. पटकन शब्द देणं हा त्याचा जुना रोग, त्याचं लग्नही त्यातूनच झालं होतं.

"बाई, जरा उठा."

"का? मी गेले का?"

"नाही."

"मग नियम काय आहे?"

नियम रंगाऱ्याला माहीत होता. तो शेजारी जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने साहेब स्वतः आले. आजी, आजी करत त्यांनी बरंच समजावलं. बाई म्हणाल्या की मी तुमची आजी नाही, असते तर तुमचा शर्ट खोचलेला असता. साहेब शर्ट खोचत आत गेले. जाताना त्यांनी रंगाऱ्याला घड्याळ दाखवलं.

बाकीच्या खुर्च्या अजून ओल्या होत्या, म्हणून सगळे भिंतीला टेकून ओळीने उभे होते. बसलेल्या एकट्या बाई. त्या एका खुर्चीसाठी एकवीस जणांचे नंबर लागलेत असं दिसत होतं. पोस्टमास्तरांनी तसं बोलूनही दाखवलं, पण कुणी हसलं नाही. बाई तिथेच जेवल्या, तिथेच डुलकी काढली. झोपेतही एक हात मागे, नावावर.

साडेतीनला त्यांनी बोटाने रंगाऱ्याला जवळ बोलावलं. मोठमोठी उपोषणं सोडवायला मंत्री यावे लागतात. बाईंचं आंदोलन मूत्राशयाने सोडवलं.

"मला आत जायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा शब्द मी तुला परत देते. मी माझी उठतेय, तू उठवत नाहीयेस. कळलं?"

"हो बाई."

"आणि नीट घास. खाली गंज राहिला तर वर फोड येतो. रोज बघते मी."

त्याने त्यांना दारापर्यंत नेऊन सोडलं आणि परत येऊन पॉलिशपेपर हातात घेतला. निळी अक्षरं त्यानेच लिहिलेली, अकरा वर्षांपूर्वी, आल्या आल्या. ती भुकटी होऊन खाली पडली, तर आतून आधीच्या मालकाचं अर्धं नाव वर आलं. ते कोण होते, हे सांगू शकणारं आता कुणी नव्हतं. त्याने दोघांवर एकदमच पांढरा फवारा मारला.

फाटक वाजलं. साहेबांनी भराभर सगळ्या खुर्च्या एका ओळीत लावायला लावल्या आणि आजी-आजोबांना, वाळलेल्या बघून बसून घ्या, म्हणून सांगितलं.

बाई काठी टेकत बाहेर आल्या. बावीस खुर्च्या एकसारख्या. त्यांची चौथी होती, रंगाऱ्याला ठाऊक होतं. बाई तिच्यापुढून गेल्या, सहाव्यापाशी थांबल्या, पाठीवरून हात फिरवून खात्री केली आणि बसल्या. ती शिंपीणमावशींची होती. मावशींनी तोंड उघडलं, मग रंगाऱ्याकडे बघून मिटलं. जागा उरली नाही म्हणून त्या भिंतीशीच उभ्या राहिल्या.

विश्वस्तांनी ओळीवरून नजर फिरवली. फार छान, म्हणाले. मग चौथीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही रिकामी कुणाची?"

"कुणाचीच नाही," साहेब म्हणाले. "ओली आहे."

बाईंनीही तिकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या सामानाकडे पाहावं तसं, आणि स्वेटरचं वरचं बटण लावून त्या ताठ बसल्या.