वाटेवरची हिरवी फांदी

चैत्रातली पहाट. मोहाचं झाड रात्रभर फुलं धरून ठेवतं आणि उजाडण्याआधीच्या गारव्यात एकेक करून सोडून देतं. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. पिवळसर, मांसल, रसगर्भ फुलं. त्यांचा गोड, आंबूस वास दरीभर पसरतो, धुक्यापेक्षा सावकाश.

त्या झाडाकडे एकच पायवाट जाते. तिच्यावरून बाया जातात, गुरं जातात. आणि कृष्णरोमश, मंददृष्टी, गंधवेडं अस्वलही जातं. म्हणून वाटेची एक रीत आहे. वळण आलं की हाक द्यायची, "माणूस येतेऽ!" म्हणजे अस्वल बाजूला होतं. शिकारीला बसलेल्याने ताजी हिरवी फांदी वाटेवर आडवी ठेवायची, म्हणजे येणाऱ्याला कळतं, पुढे बंदूक आहे. आणि कुणी विचारलं, "कोन हाय गा?", तर उत्तर द्यायचं. सावज पळालं तरी चालेल. उत्तर द्यायचं.

तीस वर्षांपूर्वी, एका पहाटे, दलसूने ही रीत मोडली.

त्याचा मित्र वारलू अस्वलाच्या नखांनी गेला होता. सूड दलसूच्या छातीत निखाऱ्यासारखा होता. दारू ठासायची भरमार बंदूक घेऊन तो मोहाखाली बसला, आणि त्याने फांदी ठेवली नाही. ताज्या तुटलेल्या सालीचा वास अस्वलाला कळेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

धुक्यातून काळं काही आलं. वाकलेलं, मंद, जमीन चाचपणारं. हाक आली नव्हती. दलसूने नेम धरला. चाप ओढला.

खट्.

दारू दवाने ओली झाली होती.

ते काळं उभं राहिलं. वारलूची काळी घोंगडी पांघरलेली वारलूची बायको, मैनी. रडून रडून आवाज बसला होता. तिची हाक घशातच राहिली होती. धुक्याकडे तोंड करून ती कुजबुजली, "कोन हाय गा?"

आणि मग, त्याहून हळू, गेलेल्या नवऱ्याला विचारावं तसं, "तूच हायेस का गा?"

दलसू बोलला नाही.

ती बराच वेळ थांबली. मग टोपलीतली मूठभर फुलं तिने मोहाखालच्या दगडावर ठेवली आणि निघून गेली.

बंदूक दलसूने डोहात टाकली. पण तेव्हापासून दर चैत्रात मैनी येते, पहिली मूठ त्या दगडावर ठेवते. दर चैत्रात दलसू रिकाम्या हातांनी तिथे बसतो, आणि वाटेवर हिरवी फांदी न चुकता आडवी ठेवतो. फुलं दगडावर सुकतात, तपकिरी होतात, मनुकांसारखी आक्रसतात. तो त्यांना कधी हात लावत नाही. टप्, असं फूल पडतं. त्याला खट् ऐकू येतं.

आज ती काठी टेकत आली. फांदीपाशी थांबून हसली.

"बंदूक कवाचीच गेली, दात गेले, अन् फांदी अजून टाकतेस, दलसूभाऊ? अस्वल हसत असन तुले."

"हसू दे, वैनी."

"माझे गुडघे गेले. येत्या साली नाही होणार येणं." तिने मूठ भरली. "नातीले सांगून ठेवलं हाय. माझ्यामागं ते ठेवीन माझ्या धन्याची मूठ. तिच्यामागं तिची लेक."

दगडापर्यंत गेलेला तो हात. सुरकुतलेला, सावळा, विश्वासाने भरलेला हात. आणि त्याच्यामागे एकेक येणारे न जन्मलेले हात, सगळे त्याच एका दगडाकडे, त्याच एका शांततेकडे.

"वैनी," दलसू म्हणाला, "त्या पहाटे तो वारलू नव्हता. मी होतो. माझी बंदूक होती. मले अस्वल वाटलं. फांदी नव्हती ठेवली मी."

टप्. मग काही नाही.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो, वैनी."

तिची मूठ दगडावर तशीच अधांतरी राहिली. "जो बोलला नाही, त्याच्यासाठी ठेवत होते," ती म्हणाली. "बोलला त्याले काय देऊ?"

तिने फुलं टोपलीत परत टाकली. फांदी ओलांडली. निघाली.

पहिलं वळण आलं. तिने हाक दिली नाही.

पुढच्या वळणापलीकडे झुडपं हलत होती, ओल्या केसांचा उग्र वास येत होता. तिथेही तिने हाक दिली नाही. तीस वर्षांपूर्वी उत्तराऐवजी मिळालेली शांतता ती जपून पुढे नेत होती.

मग दलसू उठला. फांदी उचलून तो तिच्यामागे चालू लागला, वीस पावलांचं अंतर राखून. आणि उरलेल्या दमानिशी तिच्यासाठी ओरडला,

"माणूस येतेऽ!"

झुडपं थांबली. काहीतरी काळं, जड, वाट सोडून उतारावर गेलं.

ती वळली नाही. तो थांबला नाही. वळणामागून वळण, धुक्यामागून धुकं, एकटीच पावलं पुढे, आणि मागून हाक: माणूस येते, माणूस येते, माणूस.