बोंबल्या पंख्याचं म्हणणं

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुम्ही मान वर करता. या वेळी तसं करू नका. जरा टेबलाखाली वाका. तिथे चपला, धूळ आणि वायरींचा गुंता यांच्यामागे एक पत्र्याचा डबा आहे. त्याच्या पोटात मी आहे. मी एक जुना पंखा आहे, तळहाताएवढा, सात पात्यांचा. माझ्याखाली बसून कुणी कधी 'हुश्श' म्हटलेलं नाही. संगणकाचा मेंदू तापू न देणं, एवढंच माझं काम. हवा तापली की मी वेग वाढवतो, निवली की कमी करतो. हा माझा जन्मजात स्वभाव. मेंदू थंड राहिला तर संगणकाचं कौतुक होतं आणि तापला तर माझ्या नावाने शंख होतो. अशी ही नोकरी.

माझा जन्म कुठल्याशा दूरदेशीच्या कारखान्यात झाला. त्याच पाळीत माझी काही हजार भावंडंही जन्मली, त्यामुळे बारसं वगैरे झालं नाही. पाठीवर एक गोल स्टिकर चिकटवलं, बस्स. २००३ साली नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात मला डब्यात बसवलं आणि रिक्षातून, ज्ञानेशरावांच्या मांडीवर, मी नाशिक रोडला आलो. जेल रोडवर त्यांचं घर. पहिले तीन महिने शेजारीपाजारी मला नव्हे, पण निदान माझ्या डब्याला बघायला यायचे. चहा व्हायचा. छायाताईंच्या नणंदेने डब्यासाठी लोकरीचं कव्हर विणून पाठवलं, गुलाबी, झालरीसकट. ते घालण्यात आलं. माझा श्वास कोंडायला सुरुवात झाली ती त्या दिवशी.

ज्ञानेशराव सरकारी कचेरीतले निवृत्त वरिष्ठ लिपिक. माणूस सज्जन, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीला कुठेतरी एक रेग्युलेटर असतो आणि तो आपल्यालाच सापडेल, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांच्या पत्नी छायाताई सकाळच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचा आवाज असा की पोरं तास संपल्यावरही जागेवर बसून राहायची. त्याच आवाजामुळे यादव आमच्या घरी आला.

यादव नांदगावचा. जन्मापासून दृष्टी नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष, त्यातला राज्यशास्त्राचा एक पेपर राहिलेला. पुस्तक ब्रेलमध्ये मिळत नव्हतं. चुलत्याने त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "या एप्रिलात सुटला तर सुटला. नाहीतर तुला खुर्च्या विणायच्या कामाला लावायचं म्हणून मी बोलून ठेवलंय." खुर्च्या विणण्यात वाईट काही नाही, मित्रांनो. पण यादवला मास्तर व्हायचं होतं. छायाताईंनी ते पुस्तक वाचून सीडीवर द्यायचं कबूल केलं. बावीस प्रकरणं. रोज दुपारी दोन ते चार, समोर माईक, हातात पुस्तक आणि खाली मी.

पहिल्या तीन प्रकरणांची सीडी गेली. आठवड्याने यादवचा नांदगावहून फोन आला.

"ताई, वाचलंय लय भारी. पण एक विचारू? राग नका मानू. तुम्ही पिठाच्या गिरणीत बसून वाचता का?"

छायाताई हसल्या. ज्ञानेशराव हसले नाहीत. त्यांनी स्वतः पारखून आणलेल्या संगणकाला कुणीतरी गिरणी म्हटलं होतं.

"हा पंखाच बोंबल्या निघाला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "थांब, बघतोच."

मित्रांनो, इथे 'बघतोच' म्हणजे बघणं नव्हे. कुणीही आत बघितलं नाही. ज्ञानेशरावांनी कपाटातली गोधडी काढली आणि आवाज दाबायला डब्यावर टाकली. लोकरीच्या कव्हरावर गोधडी! मग हवा तापली. हवा तापली म्हणून मी जोरात फिरलो. मी जोरात फिरलो म्हणून आवाज वाढला. आवाज वाढला म्हणून त्यांनी गोधडीची दुहेरी घडी केली. सांगा, यात बोंबल्या कोण?

तेवढ्यात दसरा आला. ज्ञानेशरावांच्या भावाचा मखमलाबादला झेंडूचा मळा. खंडेनवमीला या घरात हत्यारांची, यंत्रांची पूजा जोरात. स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर आणि अर्थातच संगणक. पूजेपुरती गोधडी उतरली. डब्याच्या कुशीला जिथे जाळी आहे, जिथून मी श्वास घेतो, नेमका तिथे हातभर झेंडूचा हार लटकवला गेला. वर देवघराची फळी, तिथली उदबत्ती. हार आपण होऊन पडेपर्यंत काढायचा नाही, अशी त्या घरची रीत. तो दिवाळीत वाळला, नाताळात चुरचुरला आणि संक्रांतीपर्यंत त्यातला निम्मा माझ्या पोटात गेला. भक्ती कुठे ठेवावी याचंही काही तारतम्य असतं, पण ते मी कुणाला सांगणार? मला एकच भाषा येते, घरघर. ती मी जोरात बोललो.

जानेवारीत ज्ञानेशरावांना अखेर रेग्युलेटर सापडला. जेल रोडवरच्याच भिकाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात.

भिका घरी आला. म्हणाला, "साहेब, डबा उघडावा लागंल. आधी साफ करून घेऊ का?"

"अजिबात नाही! वॉरंटीचं सील आहे त्याला."

वॉरंटी संपून सहा महिने झाले होते. पण सील ते सील. ज्ञानेशरावांनी ते चहाच्या वाफेवर अलगद सोडवलं, ताटलीत जपून ठेवलं, भिकाला फक्त माझी वायर कापून मध्ये रेग्युलेटर जोडू दिला आणि सील पुन्हा जागच्या जागी चिकटवलं. "आत फुंकरसुद्धा मारायची नाही," हे त्यांचे शब्द. भिकाने कपाळाला हात लावला आणि लाकडाच्या चौकोनी तुकड्यावर बसवलेली रेग्युलेटरची काळी खुंटी टेबलाच्या पायाला ठोकून दिली. खुंटी डावीकडे फिरवली की मी मंद. आता मी स्वभावाने वेग वाढवू म्हटलं तरी वीजच कमी येणार.

त्यांनी खुंटी पार डावीकडे नेली.

घर शांत झालं. इतकं शांत की छायाताईंनी दोनदा वाकून पाहिलं, संगणक सुरू आहे ना म्हणून. ज्ञानेशराव खुशीत म्हणाले, "बघितलंस? शेवटी पंखा तो पंखाच." छायाताईंनी बारावं प्रकरण वाचायला घेतलं. मी रांगत होतो. वरती मेंदू भाजत होता आणि मला हलता येत नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला, 'राज्यघटनेतील दुरुस्ती' या मथळ्याखाली, संगणक पटकन बंद पडला. प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय सेव्ह करायचं नाही अशी छायाताईंची शिस्त. चाळीस मिनिटं गेली.

"लाइट गेली असेल," ज्ञानेशराव म्हणाले. वर ट्यूबलाइट जळत होती.

दुसऱ्या दिवशी तेच. "व्हायरस असेल." तिसऱ्या दिवशी तेच. "तू फार वेळ सलग वाचतेस. त्याला झेपत नाही."

"अहो, त्याला झेपत नाही की तुम्हाला?" छायाताईंनी पुस्तक मिटलं. "अकरा प्रकरणं राहिलीत. पोराची परीक्षा एप्रिलात. मी रोज तेच पान वाचतेय. आता मला तर घटनादुरुस्ती पाठ झाली, पण मला कुठे पेपर द्यायचाय?"

त्या संध्याकाळी त्यांनी नांदगावला फोन केला. माझ्याच्याने होत नाही, दुसरं कुणी वाचणारं बघ, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात यादव उभा. नांदगावहून सकाळच्या गाडीने एकटा आला होता, हातात पांढरी काठी.

"दुसरं कुणी नाय ताई," चप्पल काढता काढता तो म्हणाला. "शोधून झालं. कुठंय तुमची गिरणी?"

ज्ञानेशराव पुढे झाले. "हे बघ, तांत्रिक अडचण आहे. तुला त्यातलं..."

"साहेब, तुमच्या पंख्याला मी साठ तास ऐकलंय. तुम्ही किती ऐकलंय?"

मित्रांनो, मी त्या घरात दीड वर्ष ओरडत होतो. 'ऐकलंय' हा शब्द माझ्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकला.

खुंटीचं कळल्यावर यादवने ती पूर्ण उजवीकडे फिरवायला लावली आणि खाली माझ्याजवळ मांडी घालून बसला. कुणाला बोलू दिलं नाही. अर्धा तास कान लावून ऐकत राहिला.

"सुरुवातीला ठीक असतो," तो म्हणाला. "वीसएक मिनिटांनी चढतो. सीडीत पण तसंच. दुसऱ्या प्रकरणात 'सार्वभौमत्व' येतं ना, तिथून चढतो. म्हणजे ह्याला काहीतरी तापवतंय. खराब पंखा असता तर पहिल्यापासून खराब वाजला असता." त्याने हात पुढे केला. "हे काय? स्वेटर घातलंय का ह्याला?"

"कव्हर आहे ते," छायाताई ओशाळून म्हणाल्या. "नणंदेने विणलंय."

"आणि वर गोधडी! ताई, पोराला ताप आला तर कराल का असं?" त्याने पत्र्याला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला. "तवा झालाय. अजून एक. आठव्या प्रकरणापासून ह्याच्यात टकटक आहे. सातव्यापर्यंत नव्हती. आठवं कधी वाचलंत?"

छायाताईंनी आठवलं. "दिवाळी झाल्यावर. दसऱ्यापासून वाचन बंदच होतं."

"दसऱ्याला काय केलं ह्याचं?"

"काही नाही. पूजा केली."

"अन् हार?"

"घातला ना."

"काढला कधी?"

जाळीवर नुसता दोरा लोंबत होता. त्याला तीन फुलं शिल्लक होती. ज्ञानेशरावांनी खाली बसून तो दोरा हातात घेतला आणि बाकीची फुलं कुठे गेली असतील याचा विचार करत ते माझ्या जाळीकडे बघत राहिले. मग उठले आणि नखाने टर्रकन सील फाडलं.

भिका आला. पत्रा काढला गेला, आणि चौघांत एकट्या यादवलाच काय दिसलं ते सांगावं लागलं. मेंदूच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या असतात, मी त्यांच्यातून वारा घालतो. त्या पट्ट्यांवर धुळीची, लोकरीच्या तंतूंची आणि उदबत्तीच्या राखेची एक घट्ट गादी बसली होती. तिच्यात झेंडूच्या पाकळ्या. एक वाळका देठ माझ्या पात्याला घासत होता, तीच टकटक.

"अरे बापरे," ज्ञानेशराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"साहेब, मी तेव्हाच म्हणलो होतो," भिका म्हणाला. "तुम्ही म्हणले फुंकर मारू नको."

"म्हणालो होतो. आता मार."

भिकाने रंगाचा ब्रश घेतला, सायकलचा पंप मारला, माझ्या पाठीवरचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. मेंदू आणि पट्ट्यांच्या मधली, उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचवणारी सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. संगणक सुरू झाला. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. मी चढलो नाही. चढायचं कारणच उरलं नव्हतं.

"आता करा हळू," भिका म्हणाला.

खुंटी थोडी थोडी डावीकडे सरकू लागली. दर वेळी ते दहा मिनिटं थांबायचे, यादव पत्र्याला हात लावायचा, भिका पडद्यावर मेंदूचं तापमान बघायचा. मित्रांनो, पंख्याचा वेग जरासा कमी केला तरी आवाज पुष्कळ कमी होतो आणि थंडावा मात्र थोडाच कमी होतो. पण ही सवलत स्वच्छ डब्यालाच आहे. एका जागी यादव म्हणाला, "बास." छायाताईंनी वह्या तपासायच्या लाल पेनाने लाकडावर रेघ मारली. भिकाने ज्ञानेशरावांना दम दिला, "ह्याच्या खाली जायचं नाय, साहेब. उन्हाळ्यात तर अजिबात नाय."

उरलेली प्रकरणं साडेपाच आठवड्यांत झाली. सगळी सुरळीत झाली असं म्हणवत नाही. मी गप्प झाल्यावर घरातले इतर आवाज सीडीत शिरले. यादवचा फोन आला, "ताई, संसदीय शासनपद्धतीत साहेब दोनदा विचारतात, 'माझा टॉवेल कुठंय?' हे परीक्षेला आहे का?" त्यानंतर दुपारी दोन ते चार या वेळेत त्या घरात टॉवेल आपोआप सापडू लागला.

जूनच्या अखेरीस यादव पेढे घेऊन आला. छप्पन मार्क. चुलत्याने खुर्च्यांचं नाव काढणं सोडलं होतं. आणि पेढ्यांबरोबर त्याने एम.ए.च्या चार पुस्तकांची यादीही आणली होती. एकेक पुस्तक विटेएवढं. छायाताईंनी ती वाचून कपाळावर हात मारला आणि लगेच विचारलं, "सुरुवात कुठल्यापासून करू?"

मित्रांनो, तुमच्याही घरी टेबलाखाली माझ्यासारखा कुणी असेल. तो ओरडला की त्याच्यावर गोधडी टाकू नका. त्याला खुंटी लावण्याआधी एकदा पत्रा काढा. वर्षातून एकदा ब्रश फिरवा, कव्हर आणि हार दूर ठेवा, मग हवा तेवढा हळू करा. तो तुमचं आनंदाने ऐकेल. आम्हाला ओरडायची हौस नसते हो. मोटर झिजते आमची.

एवढं बोलून मी थांबणार होतो. पण त्या दिवशी निघताना यादव दारात घुटमळला.

"ताई, अजून एक सांगायचं होतं. आता पंखा अजिबात ऐकू येत नाही."

"नाहीच येणार!" ज्ञानेशरावांची छाती फुगली.

"तेच. तुम्ही वाचता वाचता थांबता ना, तेव्हा मागं काहीच नसतं. मला कळत नाही, तुम्ही श्वास घेताय की सीडी संपली. दोनदा मी उठून मशीन बंद केलं, अन् पाठ पुढं चालू होता." तो जरा हसला. "थोडासा राहू द्या त्याला. कुणीतरी बसलंय असं वाटतं."

ज्ञानेशरावांनी माझ्याकडे पाहिलं. आधी गोधडी, मग वाफ, सील, खुंटी, आणि आता हे. त्यांच्या तोंडावर जे भाव होते तेच माझ्या पात्यांवर असते. पण ते वाकले, आणि त्यांनी खुंटी रेघेपासून केसभर उजवीकडे फिरवली.

"एवढा?"

यादव कान देऊन उभा राहिला.

"अजून जरा."