पाक हर्जोनोंचा बिघडलेला तेम्पे

बायको रेत्नो वारल्यावर तिचा कॉलेजातला विषय पाक हर्जोनोंनी मागून घेतला; जावात सरांना ‘पाक’ म्हणतात आणि बाईंना ‘बू’. आंबवलेल्या पदार्थांचं शास्त्र. बायकोच्या तासाला पोरं तावातावाने वाद घालायची. नवऱ्याच्या तासाला चिडीचूप. "समजलं का?" विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. "हो, पाक." आणि परीक्षेत अर्धा वर्ग नापास.

विभागप्रमुख बू हापसारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "पाक, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "आज मी मागे बसते. आजही कुणी तोंड उघडलं नाही, तर विषय दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल."

रेत्नोचं हातात उरलेलं एवढंच होतं.

शिक्षकाने मुलांमध्ये मिसळावं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ते टेबल सोडून चटईवर बसले. झालं! गुरुजी खाली आणि आपण खुर्चीवर, हे जावातल्या पोरांना कसं चालावं? सगळा वर्ग खाली उतरला आणि पाकांपेक्षा बुटकं दिसावं म्हणून वाकून बसला. मागे बू हापसारीही सारोंग सावरत उतरली. आता तर कुणी खोकेनासुद्धा.

शेवटी हर्जोनोंनी पिशवीतून केळीच्या पानाची पुडी काढली. सकाळी फेकायला घेतलेली, पण फेकवली नव्हती.

"तेम्पे आहे. रेत्नो करायची तसा करायला गेलो, पुन्हा बिघडला. का, ते मला खरंच कळत नाही."

सोयाबीनवर पांढरी बुरशी धरून घट्ट वडी व्हायला हवी होती. पानात काळपट चिखल होता. जवळच बसलेल्या लारास नावाच्या मुलीने नाक धरलं, मग घाबरून सोडलं.

"पाक... दाणे शिजवल्यावर सुकवले होते?"

"नाही. नुसते निथळले."

"अहो पाक!"

"आणि पुडी केवढी घट्ट," तिच्या शेजारचा बायू म्हणाला. "गुदमरली असेल बिचारी बुरशी."

"तू बोलूच नकोस," लारास म्हणाली. " तुझ्या आईचा तेम्पे कडू लागतो."

"ए, आईवर जायचं नाही हं!"

"पानाला भोकं पाडली होती का?" बू हापसारीने मागून विचारलं.

"पानाला लागत नाहीत, बू," एक पोरगा पटकन म्हणाला. " प्लास्टिकला लागतात."

विभागप्रमुखांची चूक काढल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. लारास पुढे सरकली. "पण पाक, दाणे ओले राहिले तर बुरशी का धरत नाही?"

पुस्तकातलं उत्तर हर्जोनोंना पाठ होतं. तोंड उघडलं, पण त्यांनी ते मिटून घेतलं.

"बायू, तुला काय वाटतं?"

बायूने काहीतरी उत्तर ठोकून दिलं. ते साफ चूक होतं. तिघं-चौघं एकदम त्याच्यावर तुटून पडले.

"पाक, पुढच्या सत्रातही विषय तुमच्याकडेच," बू हापसारी आवाज चढवून म्हणाली. "आता आवरा यांना!"

"मी नाही आवरणार," हर्जोनो म्हणाले.