गेटचा नंबर

एखादी गोष्ट जुळली नाही की मला चैन पडत नाही. वळ गावातल्या आमच्या गोदामात पॅकिंगसाठी निवडलेल्या बायकांना फोन करून कळवायचं, हे माझं काम. मुलाखतीसाठी तासभर रांगेत उभ्या राहणाऱ्या या बायका नंतर फोन उचलत नाहीत आणि उलटून करतही नाहीत, असं कसं? आमचे प्रभाकर साहेब म्हणाले, "माधवी, त्यांना नोकरी नकोच असते. 'इच्छुक नाही' लिही आणि पुढचं नाव घे."

त्या दिवशी पुढचं नाव दिघाशीच्या मेघालीचं होतं. पाचपर्यंत होकार आला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. साडेअकराला रिंग नुसतीच वाजली, दुपारी पुन्हा तेच. मुलाखतीत ती म्हणाली होती, "ताई, घरात कमावणारी मीच हाय." ती कशाला नाही म्हणेल?

समोरच्याला कोणता नंबर दिसतो ते पाहायला मी ऑफिसच्या फोनवरून माझ्याच मोबाइलवर फोन लावला. स्क्रीनवर भलताच नंबर, गेटच्या केबिनचा!

साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मीच तसं करून घेतलं. ऑफिसच्या कुठल्याही लाइनवरून फोन केला तरी समोर एकच नंबर दिसावा. फोन कंपनीचा नियम एवढाच, तो आपल्या नावावर हवा. आहे की!"

मी फोन कंपनीचा फॉर्म काढायला लावला. खालची ओळ साहेबांनी वाचलीच नव्हती: त्या नंबरवर कुणी उलटून फोन केला तर त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे.

तडक गेटवर वॉचमनकडे गेले. "काळूरामदादा, इथं कुणाचे फोन येतात का?"

"येतात ना! मी पास इचारतो. पास न्हाय तर आत न्हाय."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. गेटवर आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची, ही त्यांची शिस्त. त्यात त्यांनी फोनवाल्यांनाही धरलं होतं. नाव, गाव, वेळ आणि शेवटी 'परत पाठवले'. मी 'इच्छुक नाही' लिहिलेली नावं एकामागून एक तिथे सापडत गेली. काहींनी तीन-तीनदा फोन केला होता. मला माझीच लाज वाटली. त्या दिवसाच्या पानावर होतं: मेघाली, दिघाशी, ११.४०, परत पाठवले.

पाचला दहा मिनिटं कमी होती. तिथूनच माझ्या मोबाइलवरून फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"मेघाली, तुझी निवड झालीय. उद्यापासून येतेस ना?"

ती हळूच म्हणाली, "येते ना, ताई. पन त्या गेटवर मला आत सोडतील ना?"